भरतीचे पाणी रस्त्यावर कुठे चढेल? खाडीकाठच्या रस्त्यांचा पूर-नकाशा तयार करण्याची पद्धत

उधाणाच्या दिवशी धरमतर खाडीकाठच्या बांधावर उभे राहिले की एका हाताला काठोकाठ भरलेली खाडी दिसते आणि दुसऱ्या हाताला तिच्याहून खालच्या पातळीवरची खारजमीन. शहापूर-धेरंडपासून रेवसपर्यंतच्या या पट्ट्यात काही रस्ते आणि भरतीचे पाणी यांत जेमतेम हात-दीड हाताचे अंतर असते. अशा ठिकाणी अर्ध्या मीटरची चूक झाली तर नकाशाचे उत्तरच उलटे होते. समुद्र किती चढेल यावर चर्चा खूप होते, पण बहुतेक नकाशे फसतात ते जमिनीची उंची चुकीची धरल्यामुळे. म्हणून या लेखात जमिनीच्या उंचीवर सर्वात जास्त भर दिला आहे.

उदाहरणासाठी अलिबाग-पेण परिसर घेतला आहे. वसई, उरण, श्रीवर्धन किंवा गोव्यातील खाजणांसाठी पद्धत हीच राहील, फक्त आकडे बदलतील. साधने मोफत आहेत: संगणकावर नकाशे करण्याचे क्यूजीआयएस, त्याच्यासोबत येणारे नकाशांच्या हिशेबाचे ग्रास आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावरील रस्ते. सगळे थर (उंची, रस्ते, पाणी अशा माहितीचे वेगवेगळे पदर) सुरुवातीलाच यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या प्रक्षेपात आणा. अक्षांश-रेखांशांत काम केले तर लांबी आणि क्षेत्रफळाचा हिशेब बिघडतो.

पाण्याची पातळी ठरवणे

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते. अलिबाग-रेवससाठी जवळचा आणि भरवशाचा आधार तोच. तिथे उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी सुमारे ४.४ मीटर आहे आणि सरासरी समुद्रपातळी सुमारे २.५ मीटर. हे दोन्ही आकडे सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे जवळपास सर्वात खालच्या ओहोटीपासून मोजलेले असतात. जमिनीच्या उंची मात्र सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. त्यामुळे नकाशात ४.४ हा आकडा घालायचा नाही. ४.४ मधून २.५ वजा करून येणारा १.९ मीटर घालायचा. ही वजाबाकी विसरल्यामुळे अर्धा तालुका पाण्याखाली दाखवणारे नकाशे हमखास तयार होतात.

मुंबई शहरात काम करत असाल तर आणखी एक शून्य भेटेल. पर्जन्यवाहिन्यांच्या जुन्या आराखड्यांत उंची टाऊन हॉल डेटममध्ये असते आणि किनाऱ्यालगतचे आकडेसुद्धा विशीच्या घरात दिसतात. त्या आराखड्यावरच लिहिलेला रूपांतराचा आकडा शोधा, अंदाजाने वजाबाकी करू नका.

आता समुद्राची वाढ. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९९५–२०१४ च्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंतची जागतिक वाढ मध्यम उत्सर्जनात ०.४४ ते ०.७६ मीटर आणि अतिउच्च उत्सर्जनात ०.६३ ते १.०१ मीटर संभवते. स्थानिक आकडे नासाच्या समुद्रपातळी-अंदाज संकेतस्थळावर भरतीमापकांनुसार मिळतात. तिथून मुंबईचा तक्ता उतरवून घ्या. भरतीच्या पातळीची आणि या अंदाजांची आधारवर्षे मात्र जुळवा. २००६ ते २०१८ या काळात समुद्र जगभरात सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटर चढला. म्हणजे आधार वीस वर्षांनी चुकला तर सात-आठ सेंटिमीटर दोनदा तरी धरले जातात किंवा पूर्ण सुटतात.

वर्षांऐवजी पातळ्यांवर नकाशे करणे मला जास्त योग्य वाटते: ०, ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मीटर वाढ. कोणती पातळी कोणत्या दशकात येईल याचे अंदाज बदलत राहतात, पण पातळीवर केलेला नकाशा बाद होत नाही. प्रत्येक वाढीसाठी दोन आधार घ्या. पहिला आधार नेहमीच्या उधाणाचा, १.९ मीटर. दुसरा वादळी टोकाचा. बंदराच्या कागदांत नोंदलेली सर्वोच्च पातळी सुमारे ५.४ मीटर आहे, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या वर सुमारे २.९. किहीम, नागाव, आक्षी अशा उघड्या किनाऱ्यावर लाटांमुळे पाणी आणखी चढते. ढोबळमानाने ही वाढ लाटेच्या उंचीच्या दहा ते वीस टक्के धरतात. खाडीच्या आत ती धरू नका.

एकच पातळी संपूर्ण कोकणासाठी वापरता येत नाही. खंभातच्या आखाताकडे भरती वाढत जाते, दक्षिणेकडे कमी होत जाते. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत साडेतीन मीटरांच्या वर फरक असतो, मुरगावला तो दोन मीटरांच्या आसपास येतो. शिवाय निमुळत्या खाडीत आत जाताना भरतीची उंची आणि वेळ दोन्ही बदलतात. तीस-चाळीस किलोमीटरांहून लांब पट्टा असेल तर भरतीच्या तक्त्यातील बंदरांचे आकडे बिंदू म्हणून टाकून त्यांच्यामधून पाण्याचा उतरता पृष्ठभाग तयार करा.

जमिनीची उंची: खरा प्रश्न इथे आहे

मोफत मिळणाऱ्या उंचीच्या थरांपैकी नासाचा एसआरटीएम किनाऱ्याच्या कामाला वापरू नका. त्याचे मोजमाप फेब्रुवारी २००० चे आहे, बहुतेक ठिकाणी उंची पूर्ण मीटरांत दिलेली असते आणि सखल किनाऱ्यावर तो जमीन खऱ्यापेक्षा सरासरी दोन मीटरांच्या आसपास किंवा त्याहून जास्त उंच दाखवतो. युरोपचा कोपर्निकस जीएलओ-३० बराच चांगला, पण तो वरच्या पृष्ठभागाचा थर आहे. म्हणजे नारळ-सुपारीच्या वाडीतून जाणाऱ्या अलिबागच्या रस्त्याची उंची तो झाडांच्या शेंड्यांच्या हिशेबाने सांगतो. रस्ता आठ मीटर उंचीवर आणि सुरक्षित दिसतो, प्रत्यक्षात तो दोन मीटरांवर असतो. झाडे आणि इमारती वजा केलेला फॅबडेम किंवा किनाऱ्याच्या १० मीटरांखालच्या जमिनीसाठी तयार केलेला डेल्टाडीटीएम घ्या. फॅबडेमच्या परवान्यात व्यावसायिक वापराला मोकळीक नाही, सल्लागार कंपन्यांनी हे आधी पाहावे.

इस्रोचा कार्टोडेम हा उंचीचा थर इस्रोच्याच भुवन संकेतस्थळावर मिळतो. तो उघडल्यावर मुंबई-अलिबागची जमीन उणे साठ-पासष्ट मीटरांवर दिसते आणि अनेक जण फाइल खराब आहे असे समजतात. फाइल ठीक असते. उंची दीर्घवर्तुळाभापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते आणि या भागात भूगोलाभ, म्हणजे समुद्रपातळीचा पृष्ठभाग (जिऑइड), त्याच्या तितकाच खाली आहे. ईजीएम २००८ चा फरकाचा थर वजा केला की समुद्रपातळीवरची उंची मिळते. आरटीके या सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसने मोजलेल्या उंचीलाही हेच लागू आहे.

मोफत थरांची आणखी एक मर्यादा काळाची. कोपर्निकसचे मूळ मोजमाप मुख्यतः २०११ ते २०१५ मधले आहे. नवी मुंबई विमानतळाचा भराव किंवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूचे जोडरस्ते त्यात सापडणार नाहीत. नवे भराव हाताने घालावे लागतात.

यानंतर थराची चूक मोजा. कमीत कमी ३० ठिकाणी, झाडांपासून दूर, सपाट आणि कडक जमिनीवर उंची मोजा: शाळेचे पटांगण, एसटी स्थानकाचा चौथरा, जेट्टीचा धक्का, बांधाचा रुंद माथा. मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एखाद्या उंचीखुणेपासून सुरू करा आणि तिथेच संपवा. खुणेवरची अधिकृत उंची आणि तुमची उंची यांतला फरक हीच स्थानिक दुरुस्ती. मग तीसही ठिकाणी थराच्या उंचीतून तुम्ही मोजलेली उंची वजा करा आणि या फरकांची सरासरी काढा, तो थराचा कल झाला. हा कल संपूर्ण थरातून वजा करा. उरलेल्या फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी आणि मग वर्गमूळ काढा, ती उरलेली चूक. समजा ती १.५ मीटर आली.

आता एक कठोर नियम. दोन पातळ्यांमधला फरक ९५ टक्के खात्रीने दाखवायचा असेल तर ते अंतर या चुकीच्या ३.९२ पट तरी हवे. १.५ मीटर चूक असेल तर ५.९ मीटर! अशा थरावर अर्ध्या मीटरची रेघ ओढून ‘या घरापर्यंत पाणी येईल’ असे सांगण्याला कसलाही आधार उरत नाही. लिडारची, म्हणजे विमानातून लेझरने केलेल्या मोजणीची चूक ०.१५ मीटर असेल तर हेच अंतर ०.५९ मीटरवर येते. नियोजनाच्या चर्चेसाठी मोफत थर वापरता येतो, पण उत्तर रेघेत न देता शक्यतेत द्यावे लागते.

शक्यता काढणे सोपे आहे. पाण्याच्या पातळीतून जमिनीची उंची वजा करा आणि आलेल्या आकड्याला एकत्रित चुकीने भागा. एकत्रित चूक म्हणजे जमिनीची आणि पाण्याची चूक यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ. आलेल्या गुणोत्तराची शक्यता सामान्य वितरणाच्या तक्त्यात मिळते. समजा रस्ता २.३ मीटरवर आहे आणि ०.५ मीटर वाढीनंतरचे उधाण २.४ मीटरवर. थराची चूक १.५ मीटर असेल तर पाणी येण्याची शक्यता निघते ५३ टक्के, म्हणजे छापा की काटा. तोच रस्ता आरटीकेने ५ सेंटिमीटर अचूकतेने मोजला आणि पाण्याची चूक १० सेंटिमीटर धरली, तर शक्यता ८१ टक्के येते. रस्ता आणि समुद्र दोन्ही तेच, पण आता अभियंत्याला त्यावर निर्णय घेता येतो. दोन दिवसांची मोजणी करायला मंजुरी मिळत नसेल तर हा हिशेब पुढे ठेवा.

आधी आजची भरती काढून पाहा

भविष्याचा एकही नकाशा करण्याआधी शून्य वाढीचा, आजच्या उधाणाचा नकाशा काढा. १.९ मीटरवर जिथे पाणी दिसते तिथे आज खरोखर पाणी येते का? खाजणातली तिवरे, मिठागरे, चिखलवट हे सगळे ओले दिसले पाहिजे. अलिबागची बाजारपेठ ओली दिसत असेल तर शून्याची गल्लत आहे. तिवरे कोरडी दिसत असतील तर थर झाडांचे शेंडे मोजतो आहे. ही चाचणी चुकली तर पुढे जाऊ नका.

प्रत्यक्ष पाहणीचा दिवस कोळी बांधवांच्या हिशेबाने ठरवा: तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला साधारण सव्वादोन. सर्वात मोठी भरती अमावास्या-पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे प्रतिपदा ते तृतीया हे दिवस उत्तम. खाडीच्या आत पाणी उशिरा चढते, म्हणून तासभर आधी जा आणि पाणी उतरू लागेपर्यंत थांबा. पुलाच्या खांबावर, मोरीच्या तोंडाशी, बांधावर पाण्याच्या रेषेचे फोटो वेळेसह घ्या आणि त्या रेषेची उंची नंतर लेव्हलने मोजा. भरतीच्या पृष्ठभागाची सर्वात चांगली दुरुस्ती यातूनच होते.

बांध, उघाडी आणि पाण्याची वाट

नुसते ‘पातळीखालचे सगळे पाण्यात’ असे धरले तर बांधाआडची संपूर्ण खारभूमी समुद्रात जाते. पाण्याला तिथे पोहोचायला वाट हवी. ग्रासमधील आर.लेक हे साधन खाडीतल्या एका बिंदूपासून सुरू करून लागून असलेला सखल भागच भरते आणि खोलीही देते. ते एकच सपाट पातळी घेते, यावर उपाय आहे: जमिनीच्या थरातून भरतीचा उतरता पृष्ठभाग वजा करा आणि आलेल्या थरावर पातळी शून्य देऊन आर.लेक चालवा. समुद्राच्या जागी रिकाम्या पेशी (थराचे चौकोनी तुकडे) असतील तर तिथे उणे १० भरा, नाहीतर पाणी पुढे सरकत नाही. पातळीखाली असूनही न भरलेले भाग वेगळ्या रंगात ठेवा, मोरीतून किंवा जमिनीखालून पाणी तिथे पोहोचू शकते.

अडचण अशी की दोन-तीन मीटर रुंद माथ्याचा खारबंदिस्तीचा बांध ३० मीटरांच्या पेशीत दिसतच नाही. थर १० मीटरांच्या पेशींत घ्या (यामुळे अचूकता वाढत नाही, फक्त बांध बसवायला जागा मिळते), बांधाची रेषा उपग्रहचित्रावरून काढा आणि मोजलेली माथ्याची उंची त्या पेशींत भरा. रेषेला स्पर्श करणारी प्रत्येक पेशी भरण्याचा पर्याय निवडायला विसरू नका. आर.लेकचे पाणी तिरक्या दिशेनेही सरकते, त्यामुळे पायऱ्यांसारख्या एकेरी रेषेतून ते गळते आणि बांध असूनही शेत बुडालेले दिसते. उलट चूक पुलाशी होते. थरात पूल खाडीवरच्या भिंतीसारखा दिसतो आणि वरच्या बाजूची खाडी कोरडी राहते. पूल आणि मोठ्या मोऱ्यांखाली खाडीचे पात्र हाताने खोदून द्या.

प्रत्येक पातळीचे दोन नकाशे करा: बांध शाबूत आणि उघाड्या (बांधातून पाणी सोडायची झडपेची दारे) बंद असताना, आणि बांधाला खांड पडल्यावर. धरमतर काठावर बांध फुटून खारे पाणी शेतात शिरण्याचे प्रकार होत आले आहेत, त्यामुळे दुसरा नकाशा कल्पनेतला नाही. पहिल्या नकाशात कोरडा पण दुसऱ्या नकाशात पाण्यात दिसणारा रस्ता प्रत्यक्षात बांधाच्या भरवशावर उभा आहे. त्याच्या संरक्षणाचा खर्च बांधाच्या दुरुस्तीत मोजला पाहिजे.

रस्ते आणि रूळ

ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते, रूळ आणि जेट्ट्या घ्या. पूल आणि बोगद्यांची नोंद असलेले तुकडे वेगळे काढा. पुलाचा रस्ता सहसा उंच असतो, बुडतो तो त्याचा जोडरस्ता. जेट्टीचेही तेच: मांडव्याचा किंवा रेवसचा धक्का एकवेळ उंच असेल, तिथपर्यंत नेणारा रस्ता वेगळा मोजा.

उरलेल्या रस्त्यांचे ५० मीटरांचे तुकडे करा, त्यांवर दर १० मीटरला बिंदू टाकून खोली वाचा आणि प्रत्येक तुकड्याला सर्वात जास्त खोली द्या. सरासरी देऊ नका. चाळीस मीटर कोरडे आणि दहा मीटर गुडघाभर पाण्यात असलेला तुकडा बंदच असतो. ज्या तुकड्यांची शक्यता २० ते ८० टक्क्यांत येते तेवढेच मोजणीसाठी निवडा. तिथे रस्त्याचा मध्य, कडा आणि मोरीचा तळ लेव्हलने घ्या.

खोलीचे टप्पे साधारण असे धरा: १५ सेंटिमीटरपर्यंत वाहने हळू जातात, ३० सेंटिमीटरला मोटारी आणि दुचाकी थांबतात, ६० सेंटिमीटरला मोठी वाहनेही सुरक्षित राहत नाहीत. रुळांसाठी रुळाच्या माथ्याची आणि सिग्नलच्या यंत्रांची उंची वेगळी लागते, रस्त्याचे टप्पे तिथे चालत नाहीत.

रस्त्यावर पाणी दिसायच्या आधीच रस्ता खराब होऊ लागतो. भराव भिजला की त्याची ताकद जाते, वर खड्डे दिसतात आणि दोष पावसाला दिला जातो. सखल पाणथळ भागात भरावाच्या वरच्या थराचा तळ पूरपातळीच्या ०.६ ते १ मीटर वर ठेवतात. म्हणून ‘कोरडा’ आणि ‘बुडालेला’ यांच्यामध्ये ‘भराव ओला’ असा तिसरा वर्ग ठेवा. पहिला खर्च याच वर्गात येतो.

किती वेळा, आणि पावसात काय

वर्षाला सुमारे ७०५ भरत्या येतात. भरतीच्या तक्त्यातल्या सगळ्या उंची एका रकान्यात टाका, २.५ वजा करा, समुद्रवाढ मिळवा आणि प्रत्येक तुकड्याच्या उंचीपेक्षा किती भरत्या मोठ्या आहेत ते मोजा. ‘रस्ता बुडेल’ यापेक्षा ‘वर्षातून ४० वेळा, दर वेळी तास-दीड तास बंद’ हे वाक्य बांधकाम खात्याला, एसटीला आणि गावकऱ्यांनाही उपयोगी पडते.

पावसाळ्यात मात्र भरतीचा नकाशा अपुरा पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी मोठी भरती होती, पाण्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. हे धोके शोधायला मोरीच्या तळाची उंची पुरते. तळ १.२ मीटरवर असेल तर आज उधाणाच्या दिवशी प्रत्येक भरतीला सुमारे ३.६ तास मोरीचे तोंड पाण्याखाली असते. समुद्र अर्धा मीटर चढला की ४.८ तास. म्हणजे शेतातले पाणी उतरायचा वेळ दिवसाला जवळपास अडीच तासांनी घटतो. समुद्राचा एक थेंबही रस्त्यावर न येता तो रस्ता पावसाच्या पाण्याने बंद पडू शकतो. अशा मोऱ्यांची यादी नकाशासोबत द्याच. झडप बसवणे किंवा मोरी रुंद करणे ही कामे रस्ता उंचावण्यापेक्षा खूप स्वस्त असतात.

कोणता रस्ता आधी

बंद तुकडे जाळ्यातून काढून टाका आणि क्यूजीआयएसच्या सर्वात जवळच्या वाटेच्या साधनाने प्रत्येक गावापासून जिल्हा रुग्णालय, एसटी आगार, शाळा आणि जेट्टीपर्यंतचे अंतर पुन्हा काढा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये चौकात न जोडलेल्या रेषा असतात, आधी त्या जोडा. नाहीतर गाव आजच तुटलेले दिसेल.

प्रत्येक तुकड्याला तीन गुण द्या, एक ते चार: वर्षातून किती वेळा बंद, वळसा किती, आणि रस्त्यावर किती जण अवलंबून. वाहनगणना नसेल तर एसटीच्या रोजच्या फेऱ्या मोजा. गुणांचा गुणाकार करा. बेरीज केली तर एकाच बाबतीत चार आणि बाकी दोन्हीत एक-एक गुण मिळालेला रस्ता, तिन्ही बाबतींत दोन-दोन गुणांच्या रस्त्याच्या बरोबरीला येतो. वळसाच उपलब्ध नसेल तर तो तुकडा गुण न पाहता यादीत वर घ्या.

छापताना प्रत्येक नकाशावर लिहा: पाण्याची पातळी कोणत्या शून्यापासून, समुद्रवाढ किती, उंचीचा थर कोणता आणि त्याची मोजलेली चूक किती, बांध शाबूत धरला की फुटलेला. पाण्याची कड ठळक रेघेने दाखवू नका. ८० टक्क्यांवरचा भाग गडद, २० ते ८० फिका. आणि तो फिका पट्टा ग्रामपंचायतीत पसरून ठेवा. उघाडी कोणती गळते, कोणत्या वळणावर तृतीयेला पाणी येते, हे तिथले शेतकरी आणि कोळी बोट ठेवून सांगतात. त्या जागांची पुढच्या उधाणाला मोजणी करा आणि नकाशा दुरुस्त करा.